इथे नाव, इथे गोत्र

एका गावात एक भोळा नवरा होता. भालचंद्र त्याचं नाव. तालुक्याला वेबसाइट बनवणाऱ्या एका कंपनीत तो कामाला होता, पण नोकरी कच्ची. ती पक्की व्हावी म्हणून बायकोनं, इंदुमतीनं, सोळा सोमवारांचं व्रत धरलं. महादेवही भोळाच. भोळ्याचं भोळ्याला कळेल, असा तिचा भाबडा हिशेब.

उद्यापन जवळ आलं आणि नेमकं तेव्हाच कंपनीतल्या क्षीरसागर सरांनी, नोकरी पक्की करणं ज्यांच्या हातात त्यांनी, भालचंद्राला टॅग बनवायला शिकवलं. "हे बघ, तोच मजकूर पानापानावर लिहीत बसायचं नाही. एकदाच लिहून त्याला नाव द्यायचं. झाला आपला टॅग. पुढे नुसतं नाव लिही, बाकीचं यंत्र आणून ठेवतं."

भालचंद्र हरखला. घरी इंदुमती म्हणाली, "अहो, उद्यापनाला जेवायला जोडपी सांगून या." त्यानं तुळशीपुढे उभं राहून सगळं आमंत्रण एकदा नीट म्हटलं. मग दारोदार गेला, "आमंत्रण!" एवढंच म्हणाला आणि मागे वळला. लोकांना वाटलं, याला ऊन लागलं. शेवटी इंदुमतीच पदर खोचून घरोघर फिरली. सरांनाही तिनंच बोलावलं. पोटभर जेवलेला माणूस नाही कशाला म्हणेल?

दुसऱ्या दिवशी भालचंद्रानं एका देवळाच्या वेबसाइटसाठी स्वागताचा टॅग केला. त्यात देवळाच्या अध्यक्षबाईंचं नाव घातलं. मग जो कोणी पान उघडेल त्याला, "या कुसुमताई!" तालमीतला पैलवानसुद्धा कुसुमताई.

सर ओरडले, "अरे, नाव आपण लिहायचं नसतं! तिथे 'इथे नाव' एवढंच लिहायचं. ज्याचं त्याचं यंत्र भरतं."

मग त्यानं टॅगच्या पोटात टॅग घातले. उघडलेला प्रत्येक टॅग बंदही करावा लागतो, तिथे त्यानं गुंता केला. अख्खं पान कोसळलं.

"जो शेवटी उघडला, तो आधी बंद! कळलं?"

"कळलं सर. जन्मभर ध्यानात ठेवतो."

ठेवलं. तेच नडलं.

उद्यापनाला पाटावर बसल्यावर गुरुजी म्हणाले, "यजमान, संकल्प करायचाय. नाव सांगा."

"इथे नाव."

"गोत्र?"

"इथे गोत्र."

"बरं, मागणं काय?"

"इथे मागणं."

"अहो, तुमचं स्वतःचं सांगा की!"

"आपण सांगायचं नसतं, गुरुजी. वरचा भरतो."

गुरुजींना एव्हाना चुरम्याचा वास आला होता. त्यांनी मुकाट पळीनं पाणी सोडायला लावलं. इंदुमतीनं मात्र डोळे मिटून नवऱ्याचं नाव, गोत्र आणि कंपनीचा पत्ता पिनकोडसकट महादेवाच्या कानावर घातला.

पंगत बसली. सर सगळ्यांत शेवटी आले, शेवटच्या पाटावर टेकले. चुरम्याचा लाडू उचलून तोंडाशी नेला, तोच भालचंद्रानं मनगट धरलं.

"सर, उठा."

"का रे बाबा?"

"तुम्ही शेवटी बसलात. तेव्हा आधी तुम्ही उठायचं. नाहीतर पंगत कोसळेल."

सर उठले. लाडू ताटातच राहिला. चपला घालता घालता काहीतरी बोलले आणि तरातरा निघून गेले.

इंदुमती तुपाची वाटी हातात धरून धावत बाहेर आली. "काय म्हणाले हो? झाली का पक्की?"

"एकदम पक्की! म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. अगं, एकदाच म्हणाले, आणि पुढच्या सगळ्या दिवसांना लागू. याला म्हणतात टॅग!"