रेमीच्या तारा

"...मग हा किंचाळतो कशाला, मास्तर?"

इनास मास्तरांनी दिवा जवळ ओढला. टेबलावर जुना व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प उघडा पडला होता. आवाज जरा वाढवला की कानठळ्या बसतील अशी शिट्टी मारत होता.

"सगळे व्हॉल्व्ह नवे घातले," व्हिक्टर म्हणाला. "कंडेन्सर बदलले. एकेका सांध्याला पुन्हा सोल्डरचा डाग दिला. उद्या रेमीला जाऊन वर्ष होतंय, चर्चमध्ये त्याची मिस्सा आहे. संध्याकाळी त्याचे बँडवाले ह्याच अ‍ॅम्पवर वाजवणार. तेव्हा हा असा ओरडला तर..."

रेमी व्हिक्टरचा धाकटा भाऊ. हा अ‍ॅम्प त्यानं स्वतःच्या हातानं बनवला होता. दोघंही काम शिकले ते मास्तरांकडेच. थोरला पुढे इंजिनिअर झाला, आणि त्याबरोबर ताठाही आला.

"तुझ्याकडे आला तेव्हा ओरडत होता?"

"छे! आवाज छान होता. पण आत नुसता उकिरडा. एक तार इकडे, एक तिकडे. मी सगळ्या सरळ केल्या, जुडी करून दोऱ्यानं बांधल्या. बघा ना, कसं सुबक दिसतंय..."

मास्तरांनी बघितलं. खरंच सुबक होतं.

अ‍ॅम्प बंद करून, थोडं थांबून त्यांनी दोरे कापले. पुन्हा चालू केला. शिट्टी होतीच.

डावा हात त्यांनी पाठीमागे घेतला. चालू अ‍ॅम्पमध्ये ते कधी दोन हात घालत नसत. उजव्या हातातल्या बांबूच्या सुक्या काडीनं गिटारकडून येणारी तार त्यांनी स्पीकरच्या तारेपासून हळूच बाजूला ढकलली.

शिट्टी थांबली.

काडी सोडली. तार परत जवळ आली, आणि अ‍ॅम्प ओरडायला लागला.

परत ढकलली. शांत.

व्हिक्टर पुढे वाकला.

"म्हणजे ती वाकडी तार..."

"हं."

"त्यानं मुद्दाम..."

मास्तरांनी अ‍ॅम्प बंद केला.

"मी त्याला गबाळ्या म्हणायचो, मास्तर. चारचौघांत. एकदा हाच अ‍ॅम्प उघडून त्याच्या बँडवाल्यांना दाखवला, हसलो. तो काही बोलला नाही. पण माझ्या घरी यायचा बंद झाला. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा त्याची शुद्ध गेली होती..."

मास्तरांनाही वाईट वाटलं असणार. त्यांनी उगाचच चष्मा पुसला.

व्हिक्टरनं डोळे कोरडे केले आणि खिशातून मोजपट्टी काढली. माणसाची सवय काही जात नाही.

"त्यानं ठेवली होती तशीच ठेवतो. अगदी तशीच. किती लांब ठेवू, मास्तर? माप सांगा."

मास्तरांनी अ‍ॅम्प पुन्हा चालू केला आणि बांबूची काडी त्याच्या हातात दिली.

"माप रेमीकडे होतं..."