भट्टीत उलगडलेली काच

“आता यात अजून काय राहिलंय, सर?”

शाल्मलीनं प्लॅस्टिकची पारदर्शक काच केळुसकर सरांच्या टेबलावर ठेवली. कॉलेजच्या शर्यतीच्या गाडीला ती लागणार होती, आणि तिच्यामागे बसून गाडी हाकणार होती सकीना, शाल्मलीची जिवाभावाची मैत्रीण. सरांनी हो म्हटल्याशिवाय गाडीला एक स्क्रूसुद्धा लागत नसे.

काच झकास वाकली होती. तापवणं नाही, ताटकळणं नाही. प्लॅस्टिकचा थंड पत्रा साच्यावर ठेवला आणि एकच दाब. जुनी मंडळी ज्याच्यात अख्खा दिवस घालवतात, ते तिनं चहा निवायच्या आत उरकलं होतं. हे ती वर्कशॉपभर सांगतही सुटली होती.

सरांनी काच उलटसुलट पाहिली.

“भट्टीत ठेव.”

“वाकलीय की ती.”

“मग ठेवायला काय हरकत?”

तिनं धुसफुसत ठेवली. दोघं भट्टीच्या झरोक्यातून बघत राहिली. काच वितळली नाही... पण तिची कड हलली. मग सगळा बाकच सावकाश उलगडत गेला. शेवटी आत उरला जवळजवळ सपाट पत्रा.

शाल्मली भडकली. तुमच्या भट्टीनं माझं काम नासवलं म्हणाली, आणि पिशवी उचलून तरातरा निघाली.

सरांनी पिशवीचा पट्टा धरला. ती ओढत राहिली, ते धरून राहिले... ती ओढायची थांबली, तेव्हा कुठं त्यांनी पट्टा सोडला.

“म्हणजे ताण आतच होता,” ती भट्टीतल्या सपाट पत्र्याकडे बघत हळूच म्हणाली. “उद्या उन्हात, एखाद्या धक्क्यानं... सकीनाच्या तोंडासमोर तडकली असती...”

“दुसरी वाकव. या वेळी साच्यातून काढू नकोस. साच्यासकट तापव.”

तिचे डोळे लकाकले. धरलेल्या आकारातच ताण निघून जाणार तर! पिशवी खुंटीला अडकवून तिनं धावतच नवा पत्रा आणला, दाबला, शिकंजे आवळले. साचा भट्टीत गेला, तापला, आच बंद झाली. शाल्मलीचा पाय जमिनीवर ठरेना. साचा अजून कढत होता, तरी हातमोजा चढवून तिनं शिकंज्याला हात घातला.

“आच विझली, सर. आता कशाला धरून ठेवायचं?”

सरांनी खुंटीवरच्या पिशवीकडे पाहिलं.

“निवेपर्यंत काच आतून ओढतच असते. मघाशी मी पट्टा केव्हा सोडला?”