पाचव्या पायरीचे कोरे पान

त्या राज्यात ग्रंथात लिहिलेले असेल तेवढेच घडते, असे मानले जाई. राज्य वसले होते एका मोठ्या बांधाच्या पायथ्याशी. तलावाचे पाणी बांधाच्या चौथ्या पायरीला लागले की शिंग फुंकावे, असे ग्रंथात होते. पाचव्या पायरीला लागले तर काय करावे, यावर थोरांचे एकमत होईना. हत्ती म्हणे बांधाचा दरवाजा उघडा, रेडा म्हणे बंद ठेवा. कोणाचेच मन मोडू नये म्हणून ते पान कोरे सोडले गेले. या भेकडपणाला तिथे समंजसपणा म्हणत.

पाचव्या पायरीवर राखणीला एक चिचुंद्री होती. तिला दिसे कमी, पण रोज सकाळी मिशा बुडवून ती पाणी जोखी. तिची चार पिल्ले एकमेकांची शेपटी तोंडात धरून तिच्यामागे चालत. बीळ बांधाखालीच होते.

मग साळिंदर कारभारी झाले. कामे झटपट उरकण्यात त्याचा हातखंडा होता.

"पाचव्या पायरीबद्दल ग्रंथ गप्प आहे," ते म्हणाले. "आणि ग्रंथात उणं काही नाही. म्हणजे पाणी तिथवर येतच नाही. मग राखण कशाला?"

"कारभारी, गेल्या साली आलं होतं की!" चिचुंद्री म्हणाली.

"मग काय झालं?"

"काही नाही. नशिबानं ओसरलं."

"झालं तर मग!"

चिचुंद्रीची रवानगी पलीकडच्या कोठारावर झाली; पिल्ले बिळातच राहिली. पाणीच येत नाही तिथे दगड तरी कशाला, म्हणून पाचव्या पायरीचे दगड काढले आणि त्यांचा ग्रंथासाठी उंच चौथरा बांधला. काम इतके झपाट्याने झाले की दरबाराने साळिंदराला शाल पांघरवली. अक्कल गहाण ठेवलेल्या दरबारात शालींना तोटा नसतो.

भाद्रपदात चौथ्या पायरीला शिंग फुंकले गेले, मग पाणी पाचव्या पायरीला लागले. तिथे ना राखण होती, ना दगड; पाणी त्या खिंडारातून खाली कोसळले. चिचुंद्री धावत आली तेव्हा बिळाच्या जागी तळे होते. दरबारी मात्र चौथऱ्यावर चढून सुखरूप राहिले.

पाणी ओसरल्यावर चौकशी झाली. ग्रंथातला एकही नियम मोडलेला नाही, हे कळताच सर्वांना हायसे वाटले.

पिल्लांचा माग हुंगत हुंगत चिचुंद्री चौथऱ्यावर पोचली. ग्रंथ उघडा होता आणि साळिंदर आपलाच एक काटा उपटून कोरे पान खरवडत होते.

"पिल्लं इथून हाकलली, तरी पान मळवून गेलीच," ते पुटपुटले.

चिचुंद्रीने मिशा पानाला टेकल्या. चिखलाची इवलीशी पावले, एकामागून एक, पानाच्या कडेपर्यंत गेली होती.

"बाजूला हो," साळिंदर म्हणाले, "हे पान कोरंच राहायला हवं."

आणि ते कडेवरचा शेवटचा ठसा खरवडू लागले.