दीड तासाचं अंतर

एकदा एका व्यापाऱ्याला विमानाचा फार मोठा आधार वाटू लागला. पुण्यात त्याचा फरशीचा धंदा होता आणि वृद्ध आई नागपूरला एकटी राहत होती. कुणी विचारलं की तो म्हणे, "लांब कुठे आहे हो? तिनं हाक मारली की दीड तासात पोचतो!" आईलाही फोनवर हेच सांगे. बोलायला काय जातं! दोन वर्षं तो तिकडे फिरकला नव्हता.

एका वृद्ध आचार्यांकडे तो प्रवचनाला जात असे. एके सकाळी बोलता बोलता तो म्हणाला, "आईला बरं नाही. शेजारीण म्हणते, अन्न सुटलंय. नव्या दुकानाचं उद्घाटन आटोपलं की जाऊन येतो."

आचार्यांनी आपल्या शिष्याला, हेरंबाला, आतून दही आणायला सांगितलं. प्रवासाला निघणाऱ्याच्या तळहातावर घालतात तसं चमचाभर दही त्यांनी व्यापाऱ्याच्या हातावर घातलं. म्हणाले, "निघा. आता मागे वळू नका."

"अहो, आज कुठे निघालोय मी?" व्यापारी हसला. दही चाटून तो पुन्हा बैठकीवर टेकला, निवांत चहा प्याला आणि दुकानाकडे गेला. हेरंबालाही हसू आवरेना. म्हातारपणी असं व्हायचंच, असं त्याच्या मनात आलं. आचार्य मात्र त्या दिवशी जेवले नाहीत.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशीच आई गेल्याचा फोन आला.

तेरावा उरकून व्यापारी परतला तो थेट आचार्यांकडे आला. "विमान अगदी वेळेवर पोचलं," तो म्हणाला. "आईच थांबली नाही." मग त्याचा बांध फुटला. "शेजारणीनं सांगितलं, माझा फोन झाला की आई मूठभर तांदूळ जास्त लावायची. म्हणायची, 'दीड तासात येतो म्हणतो, उपाशी यायचा पोरगा.' संध्याकाळी तो भात गाईला घालायची. दोन वर्षं, आचार्य!" आणि तो ढसाढसा रडला.

तो गेल्यावर हेरंबानं चिडून विचारलं, "मग तेव्हाच तुम्ही त्याला खडसावून का नाही सांगितलंत?"

"सांगायला हवं होतं, बाळा," आचार्य खिन्नपणे म्हणाले. "वाटलं, दही हातावर पडलं की उमजेल. नागपूरला पायी जावं लागलं असतं ना, तर तो त्याच सकाळी निघाला असता. लांबच्या वाटेची माणसाला धास्ती असते, म्हणून तो वेळेवर उठतो. जवळची वाट तो उद्यावर ढकलतो. विमानाला किती वेळ लागतो ते त्याला पाठ होतं. निघायला आपल्याला किती वेळ लागतो, ते मात्र त्यानं कधी हिशेबात धरलंच नाही."

हेरंबाची विधवा बहीण याच गावात, दोन पेठा पलीकडे राहत होती. तिच्याकडे आपण शेवटचे केव्हा गेलो, हे काही केल्या त्याला आठवेना.

त्यानं उठून चपला पायांत सरकवल्या.

"काही विशेष?" आचार्यांनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला, "काहीच विशेष नाही. ताईकडे जाऊन येतो."