दरबारामागची भिंत

त्या राज्यात सगळ्या भिंती मातीच्या होत्या आणि माती रोज थोडीथोडी सुटत असे. हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नसे.

राज्य पाखरांचे होते आणि ते एका उंच कड्याच्या पोटात वसले होते. खालच्या कपारीत कष्टाची कामे करणारी पाखरे राहत. वरच्या कपारीत दरबार होता आणि दरबाराच्या मर्जीतली पाखरे होती. खालून वर जायला वाट एकच होती, ती म्हणजे पाठांतर. पोपटांच्या शाळेत पिल्लांकडून राज्याची स्तुती पाठ करून घेत, आणि ज्याची स्तुती बिनचूक होई त्याला दरबारात उभे राहून ती म्हणायला मिळे. गादीवर बसणाऱ्या धनेशाला स्तुती नवी लागत नसे. मोठ्याने मात्र लागे.

निळी नावाची एक भिंगरी खालच्या कपारीत आपल्या आईबरोबर राही. वडील ती अंड्यात असतानाच वादळात गेले होते. आईने पाच वर्षे स्वतःच्या तोंडचा घास काढून तिला पोपटांच्या शाळेत ठेवले. निळी हुशार निघाली. तिचे पाठांतर एकदाही चुकले नाही. शेवटच्या दिवशी पोपट गुरुजी म्हणाले, "आता दरबाराच्या बाहेरच्या ओट्यावर जाऊन बस. बोलावणे येईल."

ओट्यावर तिच्याआधीच सहाशे पाखरे बसली होती. सगळ्यांचे पाठांतर बिनचूक होते.

निळी तिथे तीन वर्षे बसली. सकाळी आई तिची पिसे चोचीने नीट करून देई आणि म्हणे, "आज येईल बघ." संध्याकाळी ती परतली की आई काही विचारत नसे. या न विचारण्याचाच निळीला अधिक थकवा येऊ लागला.

ओट्याच्या कडेची भिंत एकदा ढासळली. ती दुरुस्त करायला निळीची आत्या आली. आत्या गिलाव्याचे काम करी. भिंगऱ्यांचा हा जुना धंदा. नदीकाठची माती चोचीने उचलायची, तोंडात मळायची, लाळेने चिकट करायची आणि गोळी गोळी करून भिंतीवर बसवायची. निळी सकाळपासून दुपारपर्यंत आत्याकडे पाहत राहिली. तीन वर्षांत तिच्यासमोर पूर्ण झालेली ती पहिलीच गोष्ट होती.

"आत्या, मला शिकवशील?"

आत्याने गोळी बसवली, मगच मान वळवली. "आईला विचारलंस?"

"नाही."

"मग तिला सांगून ये. विचारू नकोस, नाही म्हणेल."

आईने ऐकले आणि ती तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी शेजारच्या साळुंकीने विचारले तेव्हा ती म्हणाली, "आमची निळी आता दरबाराकडच्या बांधकामावर लक्ष ठेवते." निळीने ते ऐकले आणि ती नदीकडे निघून गेली.

पहिले वर्षभर तिने एकही भिंत पाहिली नाही. आत्या तिला नदीकाठी उभी करी आणि म्हणे, "ही तोंडात घे. गिळू नकोस, थुंकू नकोस."

"किती वेळ धरू?"

"करकर लागायची थांबेपर्यंत."

कोणती माती सुकताना आक्रसते, कोणती उन्हात फुटते, कोणत्या मातीत गवताची काडी मिसळावी लागते, हे तिची जीभ हळूहळू शिकली. दुसऱ्या वर्षी आत्याने तिला भिंत वाजवायला लावली. चोचीने टकटक करायचे आणि ऐकायचे. घट्ट भिंत टणक बोलते. आतून सुटलेली भिंत बद्द वाजते, वरून कितीही गुळगुळीत दिसली तरी.

"बद्द वाजली तर काय करायचं?" निळीने विचारले.

"उकरायची. धड भाग लागेपर्यंत उकरायची, मग भरायची."

"आणि घरवाल्याला घाई असली तर?"

आत्याने पुढची जागा वाजवून पाहिली. "घरवाल्याला घाई असतेच," ती म्हणाली.

पाच वर्षांनी निळी स्वतंत्रपणे काम घेऊ लागली. तिचा गिलावा एवढा सपाट असे की त्यावर पाण्याचा थेंब सरळ रेषेत घरंगळे. पण गिलावा झाला की रंगारी येत. त्यांच्यात खंड्या पक्ष्याची कीर्ती मोठी होती. तो आपल्या निळ्या-नारिंगी रंगांनी भिंत सजवी, घरवाले पाहुण्यांना बोलावत आणि पाहुणे म्हणत, "वा, काय भिंत आहे!" त्या वेळी निळी दुसऱ्या कुठल्यातरी घरी माती चढवत असे. याचे तिला सुरुवातीला वाईट वाटले. नंतर वाईट वाटायलाही सवड राहिली नाही, कारण कड्यावर घरे हजारो होती आणि गिलावा जाणणाऱ्या भिंगऱ्या दरवर्षी कमी होत होत्या. त्यांची पिल्ले पोपटांच्या शाळेत जात होती.

एका उन्हाळ्यात आत्याचा घसा सुकला. लाळ सुटेना. आठ दिवस ती घरट्यात पडून होती, नवव्या दिवशी गेली. तिच्या वाटची घरेही निळीकडे आली.

वर्षे गेली. निळीची चोच टोकाला झिजून बोथट झाली. सकाळी उठल्यावर मान वळायला वेळ लागे. कडक किडा गिळता येत नसे. ती घरी येई, भिंतीला टेकून बसे आणि आई काही सांगत असली तर मध्येच झोपून जाई. आईही म्हातारी झाली होती, पण साळुंकीला सांगताना "दरबाराकडचं बांधकाम" एवढे शब्द अजून तिच्या तोंडी होते.

आणि एक दिवस खरोखरच दरबाराचे बोलावणे आले.

राज्याचा उत्सव पाच दिवसांवर होता. धनेशाच्या गादीमागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. ही भिंत राज्यात सर्वांत जुनी होती. वरची सगळी कपार तिच्यावर तोललेली होती, आणि त्या कपारीत चारशे घरटी होती. निळीने चोच टेकवून भिंत वाजवली. उजवीकडे बद्द. डावीकडे बद्द. वर, खाली, सगळीकडे बद्द.

"सरकार, ही उकरावी लागेल," ती म्हणाली. "वीस दिवस तरी लागतील. वरची घरटी तेवढे दिवस रिकामी करायला हवीत."

धनेश उंबराची फळे खात होता. त्याने पिवळी जड चोच वर केली. "भिंत मजबूत आहे की नाही हे मी तुला विचारलं नाही. तडा दिसता कामा नये, एवढंच काम आहे."

"वरून बुजवला तर आतून आणखी सुटेल, सरकार."

"उत्सव होईपर्यंत टिकेल?"

"सांगता यायचं नाही."

"म्हणजे टिकेलही," धनेश म्हणाला आणि त्याने दुसरे फळ उचलले.

निळीने आयुष्यात अनेक तडे वरून बुजवले होते. घरवाल्यांना घाई होती, तिलाही घाई होती, आणि तसे करून ती घरी गेल्यावर तिला झोप लागली होती. पण तेव्हा भिंतीवर एकच घरटे असे. तिने वरच्या कपारीकडे पाहिले. तिथे कोणाचे तरी पिल्लू काठावर येऊन पंख हलवून पाहत होते.

"मला नाही जमणार," ती म्हणाली आणि परत आली.

आईला हे साळुंकीकडून कळले. ती इतकी चिडली की तिच्या गळ्याची पिसे उभी राहिली.

"सगळं आयुष्य चिखलात घातलंस. मी काही बोलले नाही. आता कुठे दरबारानं आपण होऊन बोलावलं, तर तू नाही म्हणून आलीस? तडा बुजवायला तुला काय जड होतं?"

"आई, ती भिंत पोकळ आहे."

"आणि ही?" आई आपल्या घरट्याच्या भिंतीकडे वळली. "ही कधी वाजवून बघितलीस?"

निळी उठली. तिने आईच्या निजण्याच्या जागेमागची भिंत वाजवली. ती बद्द वाजली. तिने पुन्हा वाजवली. एक पोपडा सुटून खाली पडला आणि त्याच्या मागे बोटभर रुंद पोकळी दिसली. पोकळीत आईने वाळकी पाने कोंबून ठेवली होती.

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली. तू दमून यायचीस. कसं सांगणार?"

निळीने पोकळीतली पाने ओढून काढली. दुसऱ्या दिवशी ती कोणाच्याही कामावर गेली नाही. तिने आईची भिंत उकरली, नदीवरून माती आणली आणि तीन दिवस ती भरत राहिली. आई कोपऱ्यात बसून पाहत होती. आपल्या मुलीचे काम ती पहिल्यांदाच पाहत होती. गोळी तोंडात असताना निळीचा गळा कसा आत ओढला जातो, शंभराव्या गोळीनंतर ती क्षणभर डोळे मिटून कशी थांबते, आणि मग पुन्हा नदीकडे कशी निघते, हे सगळे तिने पाहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी आई बाहेर गेली आणि एक किडा दवात भिजवून, मऊ करून घेऊन आली.

"हा गिळता येईल तुला," ती म्हणाली.

भिंत पूर्ण झाल्यावर आईने आपली चोच तिला लावली आणि हळूच वाजवली. आवाज टणक आला. आईने आणखी एकदा वाजवली. मग ती बराच वेळ तिथेच उभी राहिली.

उत्सवाच्या दिवशी ओट्यावरच्या सर्व पाखरांना दरबारात घेतले होते. दरबाराने कोणाकडून तरी तडा बुजवून घेतला होता आणि खंड्याने त्यावर डोंगर आणि सूर्य रंगवला होता. सकाळी सहाशे गळ्यांनी एकदम स्तुती सुरू केली. "अभंग आमुची भिंत" या ओळीला सर्वांनी आवाज चढवला, आणि रंगवलेला सूर्य भिंतीवरून सुटून धनेशाच्या उंबरांच्या ताटात पडला.

कोणाला लागले नाही. पण त्या दिवशी स्तुती पुढे झाली नाही.

दुपारी निळीला पुन्हा बोलावणे आले. या वेळी आई तिच्याबरोबर गेली. ती दरबाराची पायरी आयुष्यात पहिल्यांदा चढत होती. धनेशाने निळीला विचारले, "दहा दिवसांत होईल?"

निळी उत्तर देणार, तेवढ्यात आईच बोलली. "सरकार, माझी लेक वीस म्हणाली होती. ती वीस म्हणाली म्हणजे वीसच लागतात. आणि वरची पिल्लं आधी खाली आणा."

दरबारात कोणी असे बोलत नसे. धनेशाने तिच्याकडे पाहिले, मग ताटातल्या मातीकडे पाहिले.

"वीस," तो म्हणाला. "मधे पडदा लावा. आत काय चाललं आहे ते कोणाला दिसायला नको."

वरची घरटी रिकामी झाली. वेलींचा पडदा लागला. आई पडद्याच्या बाहेर बसली आणि निळी आत शिरून उकरू लागली.

वरचा थर सहज सुटला. त्याखाली दुसरा गिलावा होता. तोही बद्द वाजत होता, म्हणून तिने तो काढला. त्याखाली तिसरा होता. प्रत्येक थरावर चोचींच्या खुणा होत्या. काही खुणा रुंद होत्या, काही तिरक्या. एका थरावर सगळे ठसे उजवीकडून मारलेले होते. ती भिंगरी बहुधा डाव्या पंखाने अधू असावी. कुठे घाईने बुजवलेले होते, कुठे इतके मन लावून घोटलेले होते की निळी ते फोडण्यापूर्वी क्षणभर थांबली. त्या कोणत्या भिंगऱ्या होत्या हे आता कोणालाच सांगता आले नसते. ती एकेक थर काढत गेली आणि धड भाग लागण्याची वाट पाहत राहिली. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी दुपारी तिने एकविसावा थर टोचला, आणि तिची चोच आरपार गेली.

पलीकडून थंड वारा आला. निळीने डोळा भोकाला लावला. पलीकडे आकाश होते, आणि खूप खाली नदी. भोकाच्या कडेला तिने चाचपून पाहिले. दगड नव्हता, जुनी माती नव्हती, काहीच नव्हते. एकवीस थर, हीच सगळी भिंत होती, आणि त्यानंतर कडा संपत होता. भोकातून उन्हाची एक बारीक तिरीप आत आली आणि पडद्याच्या फटीतून जाऊन रिकाम्या गादीवर पडली.

"निळे," बाहेरून आईने विचारले, "लागली का गं भिंत?"

तोवर निळीने भरण्यासाठी आणून ठेवलेल्या मातीची एक गोळी तोंडात घेऊन मळली होती. ती थुंकल्याशिवाय तिला बोलता येणार नव्हते. तिने गोळी जिभेवर एकदा फिरवली, मान तिरकी केली आणि ती गोळी भोकाच्या काठावर बसवली. गादीवरची तिरीप थोडी बारीक झाली. मग ती दुसरी गोळी आणायला वळली.