राणूने उचललेला विडा

एका राज्यात, राजवाड्याच्या अंगणात, सरदार उभे होते. ऊन असो, पाऊस असो, ते जागचे हलत नसत, कारण ते दगडाचे होते. कोणाची मिशी पिळलेली, कोणाचा हात तलवारीच्या मुठीवर, कोणाचं तोंड काही सांगता सांगता उघडं राहिलेलं. त्यांच्या खांद्यांवर पारवे बसत. लोकांना त्याचं नवल उरलं नव्हतं.

घडत असे ते असं. राजा चंडकेतू भर दरबारात चौरंगावर चांदीचं तबक ठेववी आणि तबकात वर्ख लावलेला विडा. काळझाडीच्या धारोजी पुंडाला जो माझ्यापुढं आणून उभा करील त्यानं हा उचलावा, असं राजा म्हणे. जो उचली त्याला चिलखत मिळे, बिरुद मिळे, त्याच्या नावानं नौबत झडे. आणि विडा तोंडात पडल्या क्षणापासून त्याचे पाय गार पडू लागत. रिकाम्या हातांनी तो परत येई, तोवर दगड कमरेशी आलेला असे. अंगणात पोचेपर्यंत गळ्याशी.

त्या राज्यात गोजरा नावाची बारगिराची बायको राहत होती. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असतो. बारगिराचा घोडा राजाचा, आणि बारगीरही राजाचाच. तिचा नवरा सरहद्दीवर होता. घरात ती आणि नुकता रांगू लागलेला राणू. गोजरा भारी काळजीखोर. राणू झोपला की श्वास चालतोय ना म्हणून नाकाशी बोट धरी, त्या बोटानं तो जागा होई, मग रात्रभर रडे आणि ती स्वतःला बोल लावी. बाकीच्या आया सगळं शिकूनच जन्माला येतात, आपलाच एखादा धडा बुडाला, असं तिला वाटे.

सणाला बारगिरांच्या बायकांना दरबारात लुगडं मिळे. मानाचं लुगडं एका हातानं घेऊ नये, अशी रीत. म्हणून गोजरानं राणूला क्षणभर खाली ठेवलं आणि दोन्ही हात पुढं केले.

त्या वेळी चौरंगावर विडा तसाच पडून होता. एका सरदाराला छताच्या नक्षीत अचानक गोडी वाटू लागली होती, दुसरा अंगठीचा खडा पुसत होता. राणू रांगत चौरंगाशी गेला. वर्ख चमकत होता. जे चमकतं ते तोंडात घालायचं, एवढी एकच विद्या त्याला येत होती. ती त्यानं लावली.

गोजरा धावली. आधी तिनं त्याच्या तोंडात बोट घालून लवंग काढली, कारण लवंग घशात अडकते. मग तिचं लक्ष त्याच्या पावलांकडं गेलं. बोटं गार होती, आणि पाट्यासारखी करडी.

"त्याला काय कळतंय, प्रधानजी?" ती म्हणाली.

"विड्याला वय कळत नाही, बाई," प्रधान म्हणाला. त्याचा आवाज वाईट नव्हता, फक्त दमलेला होता.

रीत म्हणजे रीत. राणूला 'समरधुरंधर' असं बिरुद दिलं गेलं. चिलखत, शिरस्त्राण, ढाल, तलवार सगळं मिळालं, मोठ्या माणसाच्या मापाचं. नौबत झडली तशी तो घाबरून रडला. गोजरानं त्याला झोळीत घातलं, बाकीचं पाठीवर बांधलं आणि वाट धरली. वेशीपर्यंत तिला वाटत होतं, कोणीतरी हाक मारील, म्हणेल, अहो थांबा, हे बायकांचं काम नव्हे. कोणी मारली नाही. त्या दिवशी सगळ्यांनाच ते बायकांचं काम वाटलं.

काळझाडीच्या तोंडाशी काटेरी जाळी होती, भिंतीसारखी. उपसलेली तलवार दिसली की ती मिटे आणि स्वाराला घोड्यासकट ओरबाडून काढी. गोजराला तलवार उपसायची कशी हेच ठाऊक नव्हतं. म्यानासकट ती तिनं खांद्यावर आडवी टाकली होती आणि तिच्यावर राणूची दुपटी वाळत घातली होती. अशी निशाणं फडकावत कोणी चाल करून आलेलं जाळीनं कधी पाहिलं नव्हतं. ती जराशी घोटाळली आणि बाजूला सरली.

पुढं नदी होती. तिच्यातला भोवरा लोखंडाच्या वासावर येई आणि चिलखतवाल्याला तळाशी नेई. चिलखत गोजरानं मागंच एका झाडाखाली सोडलं होतं, पाजताना ते टोचत होतं म्हणून. तरी ती काठावर कितीदा तरी पुढं झाली नि मागं सरली. पाणी खोल असेल, गार असेल, राणूला सर्दी होईल. मग तिनं झोळीत हात घातला, तर सर्दी होणारं नाक तेवढं ऊन होतं. गुडघ्यापर्यंत पोर दगड झालं होतं. तिनं तलवार काठावर टाकली, पेजेसाठी शिरस्त्राण तेवढं पाठीला राहू दिलं, कातड्याची ढाल उलटी पाण्यावर ठेवली, तिच्यात राणूला निजवलं आणि ढाल पुढं ढकलत, डोळे मिटून, ती पोहत निघाली. भोवरा आला, ढालीभोवती फिरला. राणू त्याच्याकडं बघून हसला. भोवऱ्याला आजवर कोणी हसलं नव्हतं. तो लाजून निघून गेला.

पलीकडं उंबरावर धनेश पक्षी बसला होता, हा धारोजीचा पहारेकरी. गोजरा तीन दगडांवर शिरस्त्राण ठेवून त्यात राणूसाठी पेज शिजवत होती.

"बिरुद सांग," धनेश म्हणाला.

गोजरानं आठवून पाहिलं. काहीतरी धुरंधर होतं, ती म्हणाली, पण पुढचं आठवत नाही, आणि पेज लागायला आली आहे, तेव्हा जरा थांबावं. धनेश थांबला. बिरुदं सांगता सांगता छाती फुगून फांदीखालीच कोसळलेले वीर त्यानं पुष्कळ पाहिले होते. राणूचं खाणं होताच तो पुढं उडाला, ती मागं चालली.

धारोजी एका ओढ्याकाठी भाला घासत बसला होता. राजवाड्यात त्याला पुंड म्हणत, काळझाडीत नाईक. राजाचा खजिना तो वाटेत लुटी आणि रानातल्या पाड्यांवर वाटून टाकी. गोजरानं येताना एक खोटं नीट घोकून आणलं होतं, राजानं अभय दिलंय असं. धारोजीनं नुसतं विचारलं, "तिथं आल्यावर माझं काय करतील?"

घोकलेलं सगळं उडून गेलं.

"मारतील, धारोजीदादा," ती म्हणाली. "तरीसुद्धा चला, असं सांगायला आले आहे. माझी मलाच लाज वाटते."

धारोजी हसला. आजवर जो आला तो अभयाची शपथ घेऊन आला, म्हणाला. मरायला चला असं सरळ सांगणारी तूच पहिली. मग त्यानं झोळीत पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं.

त्यानं तिला मूळ सांगितलं. पूर्वी तो राजाचा शिलेदार होता. खिंडीतला राक्षस मारायचा विडा त्यानंच उचलला होता, आणि त्या बदल्यात काळझाडी रानकऱ्यांना कायमची मोकळी सोडीन, असा राजाचा शब्द होता. राक्षस मेला. राजा म्हणाला, लढाईआधीचे शब्द लढाईनंतर धरायचे नसतात. त्याआधी विडा उचलून हरलेला माणूस मान खाली घालून घरी जाई, इतकंच. त्या दिवसापासून दगड चढू लागला. विड्याची पानं दोन असतात, एक उचलणाऱ्याचं, एक देणाऱ्याचं.

"सरदारांचं मला फारसं वाईट वाटलं नव्हतं," धारोजी म्हणाला. "पण माझं भांडण राजाशी. ते या पोराच्या अंगावरून जाऊ द्यायचं नाही मला. चल."

ती दोघं दरबारात शिरली तेव्हा राणूचं रडणं थांबलं होतं, कारण दगड गळ्याशी आला होता. नुसते डोळे हलत होते. धारोजीनं सिंहासनापुढं उभं राहून भाला खाली ठेवला. काम फत्ते झालं होतं. सगळ्यांनी झोळीकडं पाहिलं. दगड उतरला नाही. राजानं मारेकऱ्याला खूण केली.

गोजरा मग सिंहासनाच्या पायऱ्या चढली. कोणी चढत नसे. तिला तेव्हा ते आठवलंही नाही. हात भरून आले होते. जड झालेलं पोर तिनं उचललं आणि राजाच्या मांडीवर ठेवलं.

खट्ट असा आवाज झाला, दगडावर दगड ठेवावा तसा.

राजा सिंहासनावरून कधीच उठत नाही, हे त्याचं तेज, असं लोक मानत आले होते. गोजरानं राजाच्या मांडीवरचा शेला हळूच बाजूला केला आणि परत सारखा केला.

"कधीपासून, महाराज?" तिनं खालच्या आवाजात विचारलं.

राजानं सांगितलं, शब्द मोडला त्या संध्याकाळपासून. बोललो असतो तर राजा खोटा ठरला असता. वाटलं होतं, पुंड मेला की शब्दही मरेल.

"खोटं ठरून मोकळं व्हावं, महाराज," ती म्हणाली. "आणि लवकर व्हावं. माझ्या लेकराला आता गिळताही येत नाही."

राजानं मांडीवर पाहिलं. दोन डोळे त्याच्या मुकुटातल्या चमकत्या खड्याकडं लागले होते. त्यानं पाण्याची झारी मागवली. धारोजीला जवळ बोलावलं, त्याचा तळवा पुढं करायला लावला, आणि भर दरबारात काळझाडीवर उदक सोडलं. रान, ओढे, मोहाची झाडं, मध, वाटा, सगळं रानकऱ्यांचं. आणि राजा म्हणाला, मी शब्द मोडला होता. हे त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं.

तळव्यावरून पाणी ओघळलं, राणूच्या पावलांवर पडलं. आधी अंगठा हलला. मग राणूनं जो टाहो फोडला तो राजवाड्याच्या बाहेरपर्यंत गेला. गोजरा त्याच्या रडण्याबरोबर हसत सुटली. अंगणात सरदार शिंकू लागले. तोंड उघडं राहिलेल्यानं आपलं अर्धं वाक्य पुरं केलं, पण ऐकणारा केव्हाच म्हातारा झाला होता. मारेकरी चुपचाप घरी गेला.

पुढं काळझाडीतून मध आणि लाख राजरस्त्यानं येऊ लागली, आणि खजिन्याच्या गाड्या रानातून बिनधास्त जाऊ लागल्या. धारोजी त्यांच्या पुढं चालत असे. गोजराचा नवरा सरहद्दीवरून परतला तेव्हा त्याचा मुलगा समरधुरंधर आहे, हे त्याला पटवायला बराच वेळ लागला.

पण त्या दिवशी दरबारात झालं ते इतकंच. राजा सिंहासनावरून उठला. इतक्या वर्षांनी उठला तो लटपटला आणि त्यानं पायरीवर बसकण मारली. सरदारांना कुठं बघावं कळेना, छताची नक्षी पुन्हा कामास आली. राणू राजाच्या शेल्याला धरून उभा राहिला आणि तोही लटपटला. गोजरानं दोन्ही हात पुढं केले.

"हळू," ती दोघांना म्हणाली. "धरून धरून. पडलं तरी चालतं."

गोष्ट इथं टेकली. ऐकणाऱ्यांनी आता उठावं, पाय मोकळे करावेत.