भिजत घातलेली चाके

विषय : अकरा वर्षे जागेवर उभी असलेली बैलगाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याबाबत.
संदर्भ : एका सुईणीचे दोन्ही गुडघे.

फार पूर्वी, जेव्हा राजे पुष्कळ होते आणि रस्ते थोडे, तेव्हा एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. त्या गावात एक म्हातारी सुईण राहत असे. सगळे तिला मावशी म्हणत. आसपासच्या वाड्यांमधली निम्म्याहून अधिक माणसे तिच्याच हातांवर या जगात उतरली होती. त्यांतली बरीचशी चांगली निघाली. उरलेली पुढे गावचे पंच झाली.

मावशीचा नवरा होता तोवर तो तिला गाडीतून वाडीवाडीला नेत असे. तो गेला आणि गाडी गोठ्यात उभी राहिली, ती राहिलीच. अकरा वर्षे तिच्यात कोंबड्यांनी अंडी घातली. कोंबड्यांना विचारले असते, तर गाडी उत्तम चालू आहे असेच त्यांनी सांगितले असते.

मावशी पायी हिंडत राहिली. मग गेल्या साली वरच्या वाडीतल्या एका मुलीचे बोलावणे आले, आणि अर्ध्या चढावर मावशीचे गुडघे बसले. ती पोहोचली तेव्हा बाळ गेले होते. कोणी तिला बोल लावला नाही. उलट त्या मुलीनेच सासूला सांगून मावशीच्या पायांना तेल चोळून घेतले. ते तेल मावशीला फार झोंबले.

आता त्याच मुलीला पुन्हा दिवस गेले होते. पौर्णिमेच्या आसपास बाळंतपण होईल असा अंदाज होता. मध्ये बारा दिवस होते.

मावशी पाटलाकडे गेली. "पाटील, मला गाडी पाहिजे. चालणारी."

"मावशी, मला जगात आणलंत तुम्ही," पाटील म्हणाला. "एवढं तर करायलाच पाहिजे."

आणि सारा गाव लागला की कामाला! कोणी गाडीला गेरू दिला, कोणी नवे तट्टे बांधले, कोणी बैलांना घुंगुरमाळा आणल्या, कोणी मावशीच्या पाठीला टेकायला गवताची गादी शिवली. चाकांची लोखंडी धाव जरा खुळखुळत होती, म्हणून धाव आणि लाकूड यांच्या मधल्या फटींत एका उत्साही माणसाने पाचरी ठोकल्या. दोन दिवसांत गाडी अशी सजली की तिच्यातून नवरीच निघायची.

तिसऱ्या दिवशी बैल जुंपले. गाडी दहा पावले गेली. अकराव्या पावलाला डाव्या चाकाची धाव निघाली आणि एकटीच उतारावरून घरंगळत थेट चावडीत शिरली. तिथे पंच बसले होते. कुठल्याही प्रश्नावर ते इतक्या चपळाईने उठलेले त्याआधी कोणी पाहिले नव्हते.

मावशी गादीवर बसून बोटांवर दिवस मोजत होती.

गर्दीच्या मागे एक म्हातारा सुतार उभा होता. हात कापायला लागल्यापासून त्याला कोणी काम देत नसे. तो दिवसभर ओढ्याकाठी बसे, म्हणून गाव त्याला रिकामटेकडा म्हणत असे.

तो म्हणाला, "चाकं सुकून आटलीत. पाचरी उपटा आणि ओढ्यात घाला. आठ दिवस."

"आठ दिवस?" पाचरी ठोकणारा खवळला. "चाकं आहेत का वाल आहेत, भिजत घालायला?"

"पाचरी ठेवल्या तर लाकूड फुगताना फुटेल," सुतार शांतपणे म्हणाला. "मग तुलाच जुंपावं लागेल."

मावशी गादीवरून खाली उतरली. मग म्हणाली, "उपटा पाचरी."

चाके ओढ्यात आडवी घातली. सुतार काठावर बसला. रोज सकाळी गुडघाभर पाण्यात उतरून तो चाकांची कूस बदलून देई, काठीने धाव ठोकून बघे, आणि पुन्हा जाऊन बसे.

चौथ्या दिवशी मावशी काठावर येऊन बसली होती, तेव्हा पाटील आला. धाव हलवून बघितली, तर हलेना. "झाली की घट्ट! मावशी, काढू या का? उगाच बोलावणं आलं तर?"

सुताराने काठी मारली. धाव बद्द वाजली. तो पुन्हा काठावर जाऊन बसला.

मावशीने पुन्हा बोटांवर दिवस मोजले. बोलावणे आज आले तर गाडी नाही. चाके आज काढली तर चढावर गाडी नाही. पण मग ती एकदम ताठ बसली.

"पाटील, बाळंतिणीच्या दाराशी 'ओढा, ओढा' म्हणणारी माणसं मी जन्मभर बघितली. त्यांना मी आधी बाहेर घालवते. तुम्हीही घरी जा."

आठव्या दिवशी काठी मारली आणि धाव देवळातल्या घंटेसारखी वाजली. त्याच संध्याकाळी चाके चढवली, आसाला वंगण घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वरच्या वाडीचा माणूस धापा टाकत आला. पाटलाचे बैल जुंपले. दगडांतून, खाचांतून, तो सगळा चढ गाडी चढली; कुठे कुरकुर नाही. ऊन डोक्यावर येण्याआधी वाडीत एक मुलगी जन्मली आणि तिने असा टाहो फोडला की बैल बिचकले.

मावशी परतली ती तडक ओढ्याकाठी गेली आणि तिने सुताराचे कापरे हात आपल्या हातांत घेतले. "दादा, तुमचे उपकार फार झाले."

"माझे कसले, मावशी? पाण्यानं चाकं फुगवली. मी नुसता बसलो होतो."

"मी तरी जन्मभर दुसरं काय केलं?" मावशी म्हणाली, आणि दोघेही हसली. हसता हसता मावशीने डोळे पुसले.

त्या दिवसापासून त्याला कोणी रिकामटेकडा म्हटले नाही. ओढा ओलांडणारा प्रत्येक जण त्याला रामराम घालू लागला, आणि पाचरी ठोकणारा तर दुपारची भाकरी घेऊन येऊ लागला.

सुताराचा सन्मान व्हावा, असा अर्ज मावशीने दरबारात केला. 'केलेले काम' या रकान्यात तिने प्रामाणिकपणे 'आठ दिवस बसून राहिले' असे लिहवून घेतले. दप्तरातून विचारणा आली, की एवढे तर येथे सर्वच जण करतात, तरी विशेष काय ते कळवावे. मावशीने उत्तर पाठवले : 'हे केव्हा उठायचे ते ओळखून बसले होते.'

बोध : वेळ भरेपर्यंत धीराने थांबणाऱ्याचे काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचे आभार आठवणीने मानावेत.

अर्ज अद्याप विचाराधीन आहे.